अक्कांचा कॅल्क्युलेटर, माझा रेडिओ

६ सप्टें., शनि.
दुकानाचं शटर अर्धं उघडलं तोच ऑटो थांबला. ऑटोवाला एका बाईंना हाताला धरून पायरी चढवत होता. म्हणाला, "अण्णा, अज्जीगे कण्णु काणल्ला, स्वल्प नोडी." दिसत नाही त्यांना, जरा बघा. वाटलं बीपीचं मशीन असेल. या वयाची माणसं माझ्याकडे तेच आणतात. पिशवीतून निघाला कॅल्क्युलेटर. साधा नव्हे. वरचा अर्धा भाग नुसती काच, खाली बटणांची गर्दी, एकेका बटणावर तीन तीन रंगांची अक्षरं. रेडिओपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं उघडून झालं, हा जिन्नस पहिल्यांदा हातात आला.

वरच्या मजल्यावर आमचं घर. बायकोला, शकूला, मराठीत ओरडून चहा सांगितला, तशा बाई म्हणाल्या, "अय्या, आपलेच की!" मालतीअक्का. कॉलेजात गणित शिकवायच्या, आता घरी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांचा क्लास घेतात. मागच्याच गल्लीत राहतात आणि इतक्या वर्षांत गाठ नाही. जे. पी. नगर असं झालंय.

निवृत्तीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून परदेशातून मागवून दिलेली वस्तू. समीकरण भरलं की काचेवर त्याचा आलेख काढते. शिवाय आपण लिहू तो प्रोग्रॅम चालवते. बंद पडलीय. मागचं झाकण काढलं तर चारही सेल पाझरलेले, स्प्रिंगांवर हिरवी बुरशी.

"होईल ना अण्णा?"
"स्प्रिंगा घासल्या की होईल. पण अक्का, रागावू नका. चालू झाला तरी तुम्हाला तो दिसणार कसा?"
चहा संपवला त्यांनी. मग म्हणाल्या, "तो माझा प्रॉब्लेम. तुम्ही चालू करा."

८ सप्टें., सोम.
व्हिनेगर, जुना टूथब्रश, बारीक पॉलिश पेपर. एक स्प्रिंग गेलीच होती, रिमोटची काढून बसवली. आत बटणासारखा एक छोटा सेल वेगळा आहे. मोठे सेल बदलताना स्मरण जाऊ नये म्हणून तो राखण करतो. त्याला हात लावला नाही. नवे सेल घातले, काच उजळली.

खरं लिहायचंय ते पुढचं.

बाकावर माझा जुना रेडिओ नेहमी चालूच असतो. मीडियम वेव्हवर, जिथे कुठलं स्टेशन नाही त्या जागी. चार्जर, अ‍ॅडॅप्टर जवळ धरला की खरखरीवरून आतली गोष्ट कळते. चिक्कपेटच्या रेडिओ दुकानात झाडू मारायला लागलो तेव्हा मालकांनी शिकवलेली पहिली विद्या: आधी कान, मग मीटर. तर सहज म्हणून कॅल्क्युलेटरचं आलेखाचं बटण दाबलं. काचेवर रेघ उमटायला लागली आणि रेडिओत, अगदी त्याच वेळी, किर्र-किर्र-किर्र. रेघ संपली, आवाज संपला.

पुन्हा दाबलं. पुन्हा किर्र.

म्हणजे हा विचार करतो तो ऐकू येतो!

शकूला खाली बोलावून ऐकवलं. म्हणाली, "तुम्हाला काय, मिक्सरमध्येसुद्धा भजन ऐकू येतं." पण ऐकत उभी राहिली. दूध उतू गेलं वर.

१० सप्टें., बुध.
कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दोन्ही घेऊन अक्कांकडे गेलो. खालचा मजला, दारात जास्वंद, बाहेरच्या खोलीत फळा आणि बाकडी. अक्कांनी कॅल्क्युलेटर हातात घेतला, बोटं भराभरा फिरली. बटणं सगळी पाठ.

रेडिओ जवळ ठेवून आलेख काढायला सांगितला. किर्र सुरू झालं तशी त्यांनी मान वळवली, हात रेडिओच्या जाळीवर ठेवला. "पुन्हा." मग, "पुन्हा." मी वाट बघतोय, आता म्हणतील वा अण्णा.

म्हणाल्या, "हा नुसता कण्हतोय. काय काढतोय ते सांगत नाही."
मी पडलो थंड.
"सांगायला लावू या," म्हणाल्या.

मग दाराकडे कान देऊन, कुणी नाही ना बघून, मला खरं काय ते सांगितलं. गेल्या महिन्यात एका मुलीने वहीत आलेख चुकीचा काढला. अक्कांनी तोंडी विचारलं, तिने बरोबर सांगितलं, अक्कांनी 'शाबास' म्हटलं. परीक्षेत तिचे मार्क गेले. "मुलगी काही बोलली नाही. मला दुसऱ्यांकडून कळलं." मुलगा श्रीधर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला असतो, मोठ्या फ्लॅटमध्ये. कधीचा म्हणतोय, आई पुरे, क्लास बंद कर, आमच्याकडे चल. आजवर त्याला उत्तर होतं. आता नाही. मुलांचे आलेख तपासता आले नाहीत तर क्लास बंद करून व्हाइटफील्ड. म्हणून बेत असा: मुलांनी वहीतल्या आलेखाचे बिंदू यात भरायचे, अक्कांनी ऐकून तपासायचे.

"चौदाव्या मजल्यावर आहे घर. छान आहे. लिफ्टसुद्धा बोलते. पण तिथे मला कोण गणित विचारणार?"

१४ सप्टें., रवि.
अक्का प्रोग्रॅम सांगतात, मी बटणं दाबतो. काचेवर काय आलं ते मी वाचायचं. मॅट्रिक नापास माणूस, आणि तेही गणितातच. हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं. म्हणाल्या, "बरंच झालं. मी सांगेन तेच दाबाल. स्वतःचं काही घालणार नाही."

घातलंच एकदा. कंसाची जोडी पुरी दिसली नाही म्हणून एक कंस जास्तीचा दिला. तासभर प्रोग्रॅम चालेना.

युक्ती अशी: हा आडव्या रेघेवर डावीकडून उजवीकडे एकेक पाऊल टाकतो. प्रत्येक पावलाला उंची मोजतो आणि त्याप्रमाणे टिकटिक करतो. टिक म्हणजे काय, उगाच एक ठिपका काढतो नि पुसतो, तेवढा रेडिओत 'टक्' होतो. उंची जास्त, टिकटिक जलद. उंची कमी, सावकाश. बस. काचेकडे बघायलाच नको.

संध्याकाळी पहिला आवाज निघाला. टक्... टक्... टक्.. टक्. टक् टक्‌टक्‌टक्.
"सरळ रेघ," अक्का म्हणाल्या. "चढती."
माझ्या अंगावर काटा. रेघ मी जन्मभर बघितली, चढताना कधी ऐकली नव्हती.

१६ सप्टें., मंगळ.
आज जे झालं ते जमेल तसं लिहितो.

दुपारी अक्कांकडे. रेडिओत खरखर फार. गल्लीतले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, कुणाचा वायफायचा डबा, सगळ्यांचा मिळून गोंगाट, त्यात टिकटिक चाचपडत शोधावी लागते. तेवढ्यात करंट गेला. आख्ख्या गल्लीचा. आणि सेलवर चालणारा रेडिओ एकदम स्वच्छ! घासून पुसून ठेवलेल्या ताटासारखा. अक्का म्हणाल्या, "आत्ता. लवकर. क्ष वर्ग भरा."

भरला.

आधी अतिशय जलद, टक् टक् वेगळे कळू नयेत इतकी. मग सैल होत गेली. पंखा बंद केला की तो कसा हळूहळू दमतो, तशी. हळू... आणखी हळू... एक टक्, आणि मोठी शांतता. वाटलं थांबला. मग एक टक्. मग परत वेग घेत, जसा आला होता अगदी तस्सा, पावलाला पाऊल मिळवून, वर निघून गेला.

बाहेर कुणाचा तरी कुकर.

"तळाशी थांबला होता का तो, अक्का?"
"नाही. थांबल्यासारखा वाटला फक्त. तिथेच वळला."

शाळेत मास्तरांनी हाच आलेख फळ्यावर काढलेला असणार. मी खिडकीबाहेर बघत असणार. इतकी वर्षं हा असाच उतरत होता, वळत होता, चढत होता, आणि मला पत्ता नाही. घरी येऊन शकूला सांगायला गेलो तर शब्द मिळेनात. पंख्याचं बटण बंद-चालू करून दाखवलं. म्हणाली, "करंट आला का बघताय?"

२० सप्टें., शनि.
श्रीधर आलेला. चांगला माणूस. बुटाची नाडी सोडता सोडताच म्हणाला, "थँक्यू अंकल, आईला एंगेज ठेवलंत." हे 'एंगेज' अक्कांना लागलं. मला दिसलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या.

"श्रीधर, दसऱ्यानंतरच्या रविवारी ये. तू तीन समीकरणं भर, मला सांगू नकोस. मी ऐकून सांगेन. तिन्ही बरोबर तर क्लासचं नाव पुन्हा काढायचं नाही."
"आणि चुकलं तर?"
"एक जरी चुकलं तर मीच बंद करते. व्हाइटफील्ड."
"आई, प्लीज, असं काही नको ग..."
"ठरलं."

तो गाडीत बसल्यावर मी म्हटलं, अक्का, एखाद्या चुकीची सूट ठेवायची होती.
"मुलांना ठेवते का मी?"

२३ सप्टें., मंगळ.
शहाणपणा केला. सेल लवकर उतरतात म्हणून मोबाइलची बॅटरी बसवली, मध्ये व्होल्टेज वाढवायची चिमुकली पट्टी. चार्ज केलं की आठवडाभर बघायला नको. चालू झाला झकास. रेडिओ लावला तर एकच शिट्टी, कुकरची शिट्टी अडकल्यासारखी. टिकटिक त्यात बुडाली. पट्टीचाच आवाज तो. व्होल्टेज वाढवायला ती सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते, ती कसली मुकी राहणार. मलाच कळायला हवं होतं.

सगळं उलटं फिरवलं. साधे चार्जिंगचे पेन्सिल सेल, छोट्या आकाराचे, मूळ जागेत. मुकी वीज हीच चांगली. शकू: "इतकं खोलून परत होतं तसंच केलंत?" हौदु, हो. तेच.

एका भंगार रेडिओतली अँटेनाची कांडी काढून कॅल्क्युलेटरच्या पाठीशी बांधली, तिथून वायर रेडिओत. आता बाहेरची खरखर निम्मी. अक्कांना फोनवर ऐकवलं. "सरी," म्हणाल्या. त्यांची 'सरी' म्हणजे फर्स्ट क्लास.

१ ऑक्टो., बुध. आयुधपूजा.
दुकान धुतलं. मीटर, सोल्डरिंग, ड्रिल, पक्कडी, स्कूटर, सगळं मांडलं. दोन कामगार, शकू, मी. गिऱ्हाइकांच्या वस्तूंनाही आपण हळद-कुंकू लावतोच. दुकानात आली ती दुकानाची. मिक्सर, यूपीएस, बीपीची मशिनं. मी अनामिकेने ओली हळद, वर कुंकू. कोहळा फोडला. चुरमुरे वाटले. आज अवजाराला हात नाही, उद्या सकाळी उघडायचं.

कॅल्क्युलेटरही तिथेच होता. मोठे सेल चार्जिंगला काढलेले, झाकण बाजूला.

२ ऑक्टो., गुरु.
काय लिहू.

सकाळी सेल घातले. चालू झाला. प्रोग्रॅमची यादी उघडली. कोरी. पुन्हा उघडली. कोरी.

पालथा केला. त्या राखणदार सेलच्या दोन्ही पत्र्यांवर, आडवं, सुकून पिवळं-लाल झालेलं माझंच बोट. कामाच्या गडबडीत तो पालथा पडलेला, मी उघड्या पाठीलाच हळद-कुंकू लावलेलं. ओलं होतं तोवर दोन पत्र्यांमधून सेल झिरपत राहिला. दिवसभर. अवजाराला हात नाही म्हणून मी लांबून बघून नमस्कार करत होतो.

परीक्षा रविवारी.

दुपारी गेलो. दारातच सांगून टाकलं, आत बसून सांगायची हिंमत नव्हती. अक्का ऐकत राहिल्या. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होत्या.

"अण्णा, कुंकू लागलं नेमकं त्याच्या स्मरणालाच?"
"अक्का, मी नालायक..."
"चप्पल काढा. आत या. पहिली ओळ सांगते."

३ ऑक्टो., शुक्र.
काल आणि आज. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. कुठे थांबल्या नाहीत, 'बघू हं' म्हणाल्या नाहीत. जिथे मागच्या वेळी मी जास्तीचा कंस घातला होता तिथे आल्यावर म्हणाल्या, "इथे तुमचा कंस घालायचा नाही."

आणि नवीन भर. पूर्वी शून्याखालच्या उतारांत टिकटिक गोंधळायची. आता उंची शून्याखाली गेली की टक् ऐवजी घर्र. ठिपक्याऐवजी तो छोटी रेघ काढून पुसतो, म्हणून. जितका खोल तितकी घर्र घाईची. "मागच्या वेळीच करायला हवं होतं," म्हणाल्या. "पुसलं गेलं म्हणून सुचलं."

मी विचारलं, अक्का, एवढं डोक्यात राहतं कसं?
"राहतं कुठे? दरवेळी नव्याने येतं. खरं असलं की ते त्याच वाटेने येतं."

दार ओढून बाहेर आलो तरी हे वाक्य डोक्यात. स्कूटर सुरू करायची विसरलो, ढकलत घरी.

५ ऑक्टो., रवि.
परीक्षा. श्रीधर टेबलाशी, अक्का रेडिओशी, मी दाराजवळच्या बाकड्यावर, मुलांच्या जागी.

पहिला: वर, खाली घर्र, वर, खाली. झोपाळा. मलासुद्धा कळला. "साइन," अक्का. श्रीधरने मान हलवली, मग आईला दिसत नाही हे आठवून म्हणाला, "करेक्ट."

दुसरा: सावकाश घर्र, मग खोल, आणखी खोल, जसा काही विहिरीत पडतोय. आणि एकदम, काही मधलं न घेता, सगळ्यांत जलद टक्‌टक्‌टक्, तिथून हळूहळू निवत गेला. मी बाकडं घट्ट धरलं. "एक भागिले क्ष. शून्यापाशी तुटलाय." करेक्ट. मला राहवलं नाही, विचारलं, तुटतो तिथे काय असतं? अक्का म्हणाल्या, "तिथे तो नसतोच, अण्णा." किती शांतपणे म्हणाल्या! मी अजून तिथेच आहे.

तिसरा. सावकाश सुरू, भराभर वाढला, मग वाढणं मंदावलं. वाढतोय, पण जपून. आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावर मिक्सर. रविवारची चटणी. रेडिओत खर्रर्र भरून आली. नारळाचे तुकडे पडले, मिक्सर दबला, खर्रर्र खाली आली. मग आलेख संपला.

अक्कांच्या कपाळाला आठ्या. "लॉगसारखा होता. पण लॉग शेवटी खाली वळत नाही. हा वळला. म्हणून लॉग नव्हे."

लॉगच होता. श्रीधरच्या चेहऱ्यावरून कळलं. तो काही बोलायच्या आत मी ओरडलो, "अक्का, तो मिक्सर दबला! आलेख नाही वळला!"
"मध्ये बोलू नका. परीक्षा माझी आहे." मग, "श्रीधर, काय होतं?"
"...लॉग."
"चुकलं."

श्रीधरच म्हणाला, "आई, खरंच मिक्सर होता. डिस्टर्बन्स. हे काउंट करू नको."
"क्लासच्या वेळी वर मिक्सर लागत नाही का?"

श्रीधर उठला, रेडिओ उचलून त्याच्या जाळीला कान लावला, आईने हात ठेवला होता तिथेच. मग कॅल्क्युलेटर स्वतःच पुन्हा चालवला. वर गेलेला लॉग शेवटपर्यंत ऐकला. आईकडे बघत होता. त्याने त्यांना इतकं बघितलेलं मी आजच पाहिलं.

"पुढच्या रविवारी परत," म्हणाला. "हे मी मागतोय. तू नाही."
"शेवटचं मग."
"शेवटचं."

६ ऑक्टो., सोम.
सकाळीच अक्कांच्या वर राहणाऱ्या पद्मम्मांकडे गेलो. त्यांचा मिक्सर मला आवाजावरून काल बसल्या जागी ओळखू आला होता. माझ्याच दुकानातून गेलेला. कार्बन ब्रश झिजलेत, आत ठिणग्या उडतात, त्याच रेडिओत येतात. म्हटलं, पद्मम्मा, फ्री सर्व्हिस, दसऱ्याची. घेऊन आलो. मनात हिशेब: नवीन ब्रश, वायरीवर कपॅसिटर, आणि परत देताना स्वल्प उशीर. पुढच्या सोमवारपर्यंत. रविवारी वर मिक्सरच नाही. साध्या चटणीवाचून कुणी मरत नाही.

८ ऑक्टो., बुध.
पकडलं.

अक्कांचा फोन. "वरून मिक्सरचा आवाज नाही दोन दिवस. पद्मम्मा पाट्यावर वाटतायत. हात दुखतो म्हणाल्या."
"सर्व्हिसला आहे, अक्का."
"झाली का सर्व्हिस?"
मी बाकावरच्या मिक्सरकडे बघितलं.
"अण्णा, झाली का?"
"...झाली काल."
"मग आज देऊन या. रविवारी सकाळी चटणी झालीच पाहिजे. नाहीतर मी बरोबर सांगितलं ते कुणी सांगितलं, मी की तुम्ही?"

देऊन आलो. पद्मम्मांनी चटणीचा डबा दिला वर. शरम आणि चटणी दोन्ही बरोबर घरी. शकू म्हणाली, छान झालीय.

ब्रश नवे आहेत तरी आवाज येतोच. कमी झाला. गेला नाही.

१० ऑक्टो., शुक्र.
अक्कांचा सराव. पद्मम्मांना खालून हाक: "मिक्सर लावा!" वरून: "काय वाटू?" "काहीही!" लावला. खाली आलेख चालू. अक्का एका कानाने मिक्सर बाजूला सारतात, दुसऱ्याने टिकटिक धरतात. भरल्या बाजारात आईला आपलं पोर रडलेलं कळतं तसं काहीसं. चारात एक चुकतोय.

मी त्यांना मिक्सरची भाषा शिकवली. नारळ पडला की कसा दबतो, पाणी पडलं की कसा सुटतो, भांडं रिकामं झालं की कसा भुंकतो. माझी सगळी विद्या एवढीच. त्यांनी शाळेतल्या मुलीसारखी म्हणून दाखवली. मग मला लॉग शिकवला. का वाढतो, का जपून वाढतो. "मोठा होतो तसा त्याला पुढच्या पावलाला जास्त लागतं."
"माझ्यासारखाच की, अक्का."
"नाही हो. तुम्ही बसता मध्येच चहाला. तो बसत नाही."

संध्याकाळी एकटा दुकानात. कामगारांना लवकर सोडलं. रेडिओच्या बाजूला रिकामा बाक. कॅल्क्युलेटर अक्कांकडे, रेडिओ तेवढा रात्रीपुरता परत आणलाय. स्टेशन नसलेल्या जागी रेडिओ लावून बसलो. खरखर. या खरखरीत काय काय असेल कोण जाणे! आपण फक्त ऐकलं नाही अजून.

१२ ऑक्टो., रवि.
जिन्याच्या पायरीवर बसून लिहितोय, बिलबुकाच्या मागे. अक्कांनी मला आत येऊ दिलं नाही. "तुम्ही मध्ये बोलता." दार लोटलेलं, बंद नाही.

श्रीधर बायकोला घेऊन आलाय. गाडीतून रिकामी खोकी आणलीत. उतरवली नाहीत.

पहिला झाला. पॅराबोला, उलटा. करेक्ट, ऐकू आलं.

दुसरा. वेळ लागला. "घन. क्ष चा घन." करेक्ट. वर पद्मम्मांच्या पायांचा आवाज, स्वयंपाकघराकडे. मला जिना चढून जाता येईल. तीन उड्यांत. फ्यूजचा डबा तर माझ्या डोक्यावरच आहे. दोन्ही हात पेन आणि बिलबुकात ठेवलेत.

तिसरा सुरू. सावकाश टक्... टक्... हा मी ओळखत नाही. वाढतोय. नाही, थांबलासा वाटतो, परत वाढतोय.

मिक्सर लागला.

नारळ. दबला. रेडिओत खर्रर्र खाली येतेय, अगदी मागच्या रविवारसारखी. त्या आवाजाखाली टिकटिक आहे, मला ऐकू येतेय, दारातून, बारीक. ती खाली नाही येत. अक्का, ती खाली नाही येत.

तोंडावर हात धरलाय.

पाणी टाकलं वर. मिक्सर सुटला. श्रीधर: "आई? सांगतेस?"

टिकटिक चालूच.

"आई?"

"थांब. अजून चाललाय तो."